25 लिटरची तांब्याची भट्टी, सुगंधी तेलासाठी: प्रकल्प नोंदी

8 नोव्हेंबर: मापं

आतापर्यंतची सोय अशी होती: स्टीलचा प्रेशर कुकर, शिट्टीच्या जागी रबरी नळी, आणि वाफ निववायला बादलीत बुडवलेली कॉइल, म्हणजे वेटोळ्यांची नळी. तिच्यात तीन अडचणी होत्या. गरम वाफेनं रबराचा वास तेलात उतरतो. पाला तळाला टेकला की करपतो, आणि तो करपट वास नंतर कशानंही जात नाही. शिवाय एका वेळी जेमतेम अर्धा किलो पाला बसतो, त्यामुळे तेल थेंबांत मोजावं लागतं. म्हणून नवा हंडा तांब्याचा आणि मोठा करायचा.

ही भट्टी फक्त पाला-मुळ्यांच्या सुगंधी तेलासाठी आणि अर्कासाठी (वाफ निवून मिळणाऱ्या सुवासिक पाण्यासाठी) आहे. परवान्याशिवाय दारू गाळणं बहुतेक देशांत गुन्हा आहे. त्याखेरीज मद्यार्काची वाफ पेट घेते. ही रचना उघड्या आचेवरची आहे, त्यामुळे त्या कामासाठी ती वापरूच नये.

हंड्याचा आतला व्यास 30 सेमी, उंची 35 सेमी. आकारमान साधारण 24.7 लिटर भरतं. तळापासून 10 सेमीवर जाळी, तिच्याखाली 8 सेमी पाणी, म्हणजे साडेपाच लिटर. जाळीच्या वर पाला.

अंगाला 1 मिमी पत्रा आणि तळाला 1.5 मिमी. अंगाचा तुकडा 95.6 × 35 सेमी कापायचा, त्यात 1 सेमी जोडावर जोड येतो. त्याचं वजन 3 किलोच्या आसपास. तळाची चकती 32.5 सेमी व्यासाची, वजन सव्वा किलोच्या आत. पत्रा घेताना तांब्याची घनता घन सेमीला 8.96 ग्रॅम धरून वजन काढा आणि काट्यावर ताडून पाहा. जाडी कमी असेल तर लगेच कळतं.

11 नोव्हेंबर: पत्रा नरम करणं, तळाची कड

कारखान्यातून आलेला पत्रा कडक असतो. तो तसाच ठोकला तर कड फाटते. टॉर्चनं मंद लाल होईपर्यंत तापवला आणि पाण्यात बुडवला. पोलाद असं बुडवलं तर कडक होतं, तांब्याला ती भीती नाही. उलट बुडवताना काळी पापडी सुटून पडते. हे काम सावलीत करावं, कारण भर उन्हात मंद लाल रंग दिसत नाही आणि पत्रा नको तेवढा तापतो. मग धातूचा दाणा मोठा होतो, आणि वळवताना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत निघतो.

तळाच्या चकतीची कड 12 मिमी उभी वळवायची होती. एका फेरीत वळवू पाहिली की सुरकुत्या पडतात, आणि एकदा घडी बसली की ती कायमची. लाकडी मोगरीनं, गोल ठोकळ्याच्या कडेवर, एका फेरीत थोडाच कोन द्यावा. मोगरीचा आवाज टणक येऊ लागला की पत्रा कडक झाला असं समजावं, आणि पुन्हा नरम करावा. घाई केली नाही तर या एका कडेला पाच-सहा तास धरावेत.

तळ सपाट ठेवू नये. सपाट पत्रा तापला की टप् करून वर उडतो, निवला की खाली बसतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा ताण जोडावर येतो. मध्यभागी 6 मिमीचा फुगवटा बाहेरच्या बाजूला दिला. त्याचा आणखी फायदा म्हणजे शेवटचं पाणी मधोमध, आचेच्या वर साचतं. आत फुगवटा दिला असता तर मध्यच आधी कोरडा पडला असता.

16 नोव्हेंबर: उभी शिवण आणि तळाचा जोड

कुठे डाख चालतो आणि कुठे ब्रेझिंगच (डाखापेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला कांडी वितळवून केलेला जोड) हवं, हे आधी ठरवावं. शिशाचा डाख तर नकोच. शिसं नसलेला कथील-चांदीचा डाख 221 अंशांना वितळतो. हंड्यात पाणी आहे तोवर तळ शंभराच्या आसपास राहतो, पण पाणी संपलं की डाख काही मिनिटांत वाहून जातो आणि तळ सुटतो. म्हणून आचेजवळचं सगळं ब्रेझिंगनं करायचं, टोपी (हंड्यावरचं झाकण) आणि वरचे जोड डाखानं. क्रमही तोच: आधी जास्त तापमानाचं काम, मग कमी. उलट केलं तर ब्रेझिंगच्या उष्णतेनं शेजारचा डाख वितळून नव्या जोडात शिरतो, आणि कथील मिसळलेल्या जागी ब्रेझिंग नीट धरत नाही.

तांब्याला तांबं जोडायला 15 टक्के चांदीची, फॉस्फरस असलेली कांडी वापरली. तिला वेगळा फ्लक्स (जोडाची जागा तापताना स्वच्छ ठेवणारा लेप) लागत नाही. ती 645 अंशांना मऊ होऊ लागते, पण पूर्ण वाहायला 800 च्या आसपास जावं लागतं. कॅडमियम असलेली जुनी कांडी कुणी स्वस्तात दिली तरी घेऊ नये, तिचा धूर विषारी असतो.

उभ्या शिवणीला 3 मिमीच्या तांब्याच्या रिव्हेटा मारल्या. त्या ताकदीसाठी नाहीत. तापल्यावर पत्रा हलू नये एवढंच त्यांचं काम. दोन पत्र्यांमध्ये 0.05 ते 0.15 मिमी फट हवी. रिव्हेट जोरात ठोकून फट पूर्ण बंद केली तिथे कांडी आत ओढलीच गेली नाही, फक्त कडेवर थर बसला. बाहेरून जोड सुरेख दिसत होता. आतून पाहिल्यावर रिव्हेटांच्या भोवती कोरडी पट्टी होती. ती जागा थोडी उचकटून पुन्हा तापवली.

एकट्या छोट्या टॉर्चनं हे काम होत नाही. तांबं उष्णता इतक्या वेगानं पळवतं की ज्योतीखालची जागा लाल होते आणि हातभर अंतरावरची जागाही हात लावू देत नाही, पण जोड मात्र वाहायच्या तापमानाला पोचत नाही. हंड्याला तीन बाजूंनी अग्निविटा लावल्या, एका टॉर्चनं सगळं भांडं तापतं ठेवलं आणि दुसऱ्यानं जोड पुढे नेला. कांडी ज्योतीत धरून वितळवायची नाही. तापलेल्या पत्र्याला टेकवायची, पत्र्यानं ती वितळवली पाहिजे.

17 नोव्हेंबर: गळती

हंडा पाण्यानं भरून, तळाभोवती कोरडा कागद गुंडाळून रात्रभर ठेवला. कागद एकाच ठिकाणी भिजला: उभी शिवण तळाच्या कडेला मिळते तिथे. बाकी सगळा जोड कोरडा.

कारण सरळ आहे. शिवणीवर पत्रा दुहेरी असतो, त्यामुळे तिथे 1 मिमीची पायरी तयार होते. तळाची गोल कड त्या पायरीवर बसली की पायरीच्या बाजूला बारीक त्रिकोणी पोकळी उरते. ती फट कांडीला ओलांडता येत नाही. जोडण्याआधीच शिवणीचा खालचा 15 मिमी भाग कानशीनं उतरता करून, दोन्ही पदर मिळून एका पत्र्याच्या जाडीला आणले असते तर ही पोकळी राहिली नसती. पुढे हे काम करणाऱ्यानं एवढं एक केलं तरी त्याचा दिवस वाचेल.

तोडून पुन्हा जोडण्यापेक्षा दुरुस्ती केली. जागा आधी पूर्ण कोरडी केली (फटीत पाणी असेल तर तापवताना वाफ होऊन वितळलेला धातू उडतो), मग 56 टक्के चांदीची कांडी आणि फ्लक्स. ती 650 अंशांच्या आसपास वाहते, त्यामुळे जुना जोड वितळून सुटण्याआधी नवा भरतो. पोकळीत तांब्याच्या तारेचा बारीक तुकडा घातला, म्हणजे भरायला थोडंच राहिलं. खर्चात बघायचं तर वजनाच्या हिशेबानं या भट्टीतली सर्वांत महाग वस्तू म्हणजे ही कांडी. ती फक्त दुरुस्तीला आणि स्टीलच्या जोडांना राखून ठेवावी.

नंतर लिटरला 50 ग्रॅम सायट्रिक आम्ल घातलेल्या कोमट पाण्यात भांडं भिजवून काळेपणा काढला.

23 नोव्हेंबर: टोपी

घुमट ठोकून काढणं हे कसलेल्या तांबटाचं काम आहे. सपाट पत्र्यातून शंकू केला, वाफेला तो तितकाच चालतो. खालचा व्यास 32 सेमी, वरचा 54 मिमी (त्या मापाचा तांब्याचा पाइप सरळ बसतो), उंची 16 सेमी. पत्र्यावर आखताना बाहेरची त्रिज्या 25 सेमी, आतली 4.2 सेमी, कोन 230 अंश, आणि जोडासाठी 1 सेमी जादा. आधी पुठ्ठ्याचा कापून बघा. कोनात पाच अंशांचा फरक पडला तर व्यास 7 मिमीनं चुकतो.

वरून 54 चा तुकडा, मग 28 मिमीवर आणणारा रिड्युसर, मग खाली उतरणारी आडवी नळी. नळी थोडीही वर चढवली तर तिच्यात साचलेलं पाणी परत हंड्यात येतं. तेलाच्या कामात ते नको असतं. डाख देताना फ्लक्स काळा पडला की थांबायचं. जळलेल्या फ्लक्सवर डाख गोळ्यांसारखा फिरतो, चिकटत नाही. घासून साफ करून पुन्हा सुरुवात करण्याला पर्याय नाही.

टोपीवर 6 मिमीची छोटी तोटी बसवली. तिला पारदर्शक नळी लावून, यू आकारात वळवून, रंगीत पाणी भरलं की आतला दाब दिसतो. तोटी करायला फार तर अर्धा तास लागतो. या भट्टीत हिच्याइतकं उपयोगी काही नाही, हे पुढच्या नोंदींत दिसेलच.

30 नोव्हेंबर: तांब्याची कॉइल

10 मिमी बाहेरच्या व्यासाची, 1 मिमी जाडीची, 5 मीटर नळी. आत कोरडी बारीक वाळू ठासून, दोन्ही तोंडं बंद करून डब्याभोवती वळवली. वाळू आधी तव्यावर भाजून घ्यावी. ओली वाळू भरून नळी तापवली तर आतली वाफ बूच उडवते.

प्रत्येक वेटोळं आधीच्यापेक्षा निदान 2 सेमी खाली हवं. एक जरी मध्ये झोळ खाऊन बसलं तर तिथे पाणी साचतं, वाफ त्यामागे अडते, मग एकदम ढकलते. धार थांबून-थांबून उसळ्या मारत येऊ लागली की कॉइलमध्ये झोळ आहे असं समजावं. तीन उभ्या पट्ट्यांना भोकं पाडून नळी त्यांतून ओवली, तेव्हा उतार टिकला.

7 डिसेंबर: पहिलं पाणी

नुसत्या पाण्याची चाचणी. टोपी आणि हंडा यांच्यातली फट कणकेच्या लेपानं बंद केली. सुरुवातीला छान. तासाभरात लेप सुकला, तडकला आणि वाफ बाहेर. वर आणखी लेप लावला, तो दुसरीकडून फुटला.

यू नळी पाहिली तर पूर्ण आचेवर पाण्याचा फरक 8-9 सेमी होता. म्हणजे लेप कमजोर नव्हता, आतला दाबच जास्त होता. अशा वेळी क्लँप लावायचा मोह होतो. तो लावू नये. 32 सेमी व्यासाच्या टोपीवर 0.1 बार एवढाच दाब आला तरी तिला वर ढकलणारा जोर 80 किलोच्या वर जातो. जाळीतून निसटलेला पाला नळीच्या तोंडाशी अडकला आणि टोपी क्लँपनं आवळलेली असली, तर सुटायला वाटच राहत नाही. वाफेच्या मार्गात झडप नको, हे त्याच कारणासाठी.

दाब कशानं आला याचा हिशेब असा. आच पाण्याला सुमारे 2 किलोवॅट देते. वाफेची सुप्त उष्णता किलोला 2257 किलोज्यूल, म्हणजे तासाला 3 लिटरच्या वर पाण्याची वाफ होते. ती 8 मिमीच्या भोकातून जायची तर सेकंदाला 25 मीटरच्या पुढे वेग लागतो, आणि निवायला लागण्यापूर्वीच्या पहिल्या मीटरमध्येच बराच दाब खर्च होतो. आच कमी केली की दाब उतरतो, पण मग तासाला दीड लिटरही मिळत नाही. अडचण नळीच्या भोकाची होती.

8 डिसेंबर: हिरवट पाणी

दुसरी गोष्ट त्याच कॉइलची. चाचणीपुरता मूठभर पाला घालून काढलेल्या अर्काला पांढऱ्या बशीत किंचित निळसर-हिरवी झाक दिसली. थोड्या अर्कात अमोनियाचे काही थेंब टाकले, गडद निळा रंग आला. तांबं उतरलेलं होतं.

हंडा आणि टोपीही तांब्याचीच आहेत, मग दोष कॉइलचा कसा? हंड्यात जे विरघळतं ते तिथेच राहतं, वाफेबरोबर तांबं येत नाही. पण वाफेचं पाणी झाल्यावर ते आम्लधर्मी असतं, त्यात हवा मिसळते, आणि ते पाच मीटर तांब्यावरून सावकाश वाहत बाहेर पडतं. तेच पाणी बाटलीत जातं. तांब्याचा खरा उपयोग वाफेच्या बाजूला आहे: तळाची उष्णता सगळीकडे सारखी पसरते, पाला करपत नाही, आणि पाल्यातल्या गंधकाचा उग्र वास तांब्याला चिकटून मागे राहतो. निवण्याच्या बाजूला तांब्यानं मिळवायचं काही नाही. स्टील उष्णता कमी वाहतं हे खरं, पण 1 मिमी भिंतीचा अडथळा पाण्याच्या थराच्या अडथळ्यापुढे किरकोळ ठरतो.

14 डिसेंबर: नवा कंडेन्सर (वाफ निववणारा भाग)

कॉइल बाजूला ठेवली. आता सरळ नळी: आत 16 मिमीची स्टीलची (304 प्रतीची), भोक 14 मिमी, आणि तिच्यावर 28 मिमीच्या तांब्याच्या पाइपचं 1.2 मीटर लांबीचं कवच. थंड पाणी कवचात खालून आत, वरून बाहेर. वरून सोडलं तर कवचात हवा अडकते आणि अर्धी नळी कोरडी राहते. सरळ नळीला झोळ पडत नाही, आणि आतून ब्रश फिरवता येतो.

स्टील आणि तांबं यांच्या जोडाला फॉस्फरसची कांडी वापरू नये. जोड बसतो, पण ठिसूळ होतो आणि नळी हलवताना तडकतो. हा जोड फक्त कोमट पाण्यात असतो, म्हणून कथील-चांदीचा डाख आणि स्टीलसाठीचा आम्लाचा फ्लक्स पुरला. तो फ्लक्स नंतर गरम पाण्यानं पूर्ण धुवावा, राहिला तर स्टीलला बारीक खड्डे पाडतो.

पाण्याचा हिशेब: एक लिटर अर्क निववायला, पाणी 25 अंशांवरून 55 पर्यंत चढू दिलं तर, 20 लिटर पाणी लागतं. तासाला 3 लिटर अर्क म्हणजे मिनिटाला एक लिटर पाणी. वाया घालवायचं नसेल तर 200 लिटरचा पिंप आणि छोटा पंप. 4 लिटरच्या एका घाण्याला पिंपातलं पाणी 12 अंशांनीच वाढतं.

कणकेचा लेपही काढून टाकला. हंड्याच्या काठाबाहेर 34 सेमी व्यासाचं, 45 मिमी खोल पन्हाळ जोडलं. टोपीची उभी कड त्यातल्या पाण्यात बुडते, वाफ कोंडते. टोपी सुमारे 2 किलोची आहे. आत 25 मिमी पाण्याइतका दाब झाला की ती आपोआप उचलली जाते आणि वाफ सुटते, तेव्हा वेगळी सेफ्टी लागत नाही. पन्हाळातलं पाणी मात्र आटत राहतं, अधूनमधून भर घालावी लागते. टोपी उचलल्यावर आडव्या नळीला थोडं हलता यावं म्हणून कंडेन्सर स्टँडला आवळून बांधलेला नाही, नुसता टेकवला आहे.

पूर्ण आचेवर यू नळीत आता 7 मिमी. धार अखंड.

21 डिसेंबर: गवती चहा, पहिला घाणा

त्याआधी एक घाणा निरुपयोगी गवताचा काढून सगळा ओतून दिला. फ्लक्सचा आणि नव्या धातूचा वास त्यात जातो.

एक दिवस सावलीत सुकवलेला गवती चहा, 3 किलो, 4-5 सेमी तुकडे. पहिला थेंब अर्ध्या तासानं. 4 लिटर अर्क काढला, तेल निघालं 5 मिली. अपेक्षेच्या मानानं कमी.

हंडा उघडल्यावर कारण समोर होतं. एका बाजूचं गवत शिजून खाकी पडलेलं, दुसऱ्या बाजूला काठाशी हिरवंगार, हाताला जवळपास कोरडं. वाफेनं सैल बाजूनं वाट काढली होती. दुसऱ्या खेपेला गवत थराथरानं, प्रत्येक थर काठाकडून मध्याकडे दाबत भरलं. काठाशी जास्त दाबावं, कारण वाफेला भिंतीलगतची वाट सोपी पडते. वर 5 सेमी जागा मोकळी, जाळीवर बारीक स्टीलची चाळणी. पहिली पंधरा मिनिटं मंद आच, गवत सगळीकडे ओलं होईपर्यंत. मग पूर्ण आच. त्याच वजनात 9 मिली तेल. अमोनियाची चाचणी: रंग नाही.

4 लिटरवर थांबायचं. जाळीखाली दीड लिटर, म्हणजे 2 सेमी पाणी राहतं, आणि तळाला तेवढं हवंच.

28 डिसेंबर: तेल वेगळं करणारं भांडं

गवती चहाचं तेल पाण्यापेक्षा हलकं, घनता 0.89 च्या आसपास. उभ्या काचेच्या नळीत अर्क पडतो, तेल वर तरंगतं, पाणी तळातून निघून बाजूच्या नळीनं वर चढतं आणि बाहेर जातं. तेलाचा 5 सेमी थर पाण्याच्या 4.45 सेमी उंचीला तोलतो, म्हणून तेलाची तोटी पाण्याच्या तोंडापेक्षा 5.5 मिमी वर बसली पाहिजे. ती पाण्याच्या पातळीवर बसवली होती, त्यामुळे तेलाचा थर जमण्याआधीच पाणी मिसळून बाहेर येत होतं. पाण्याच्या तोंडाला सरकता रबरी तुकडा लावून उंची जुळवता येईल असं केलं. रबर इथे चालतं, कारण तेलाचा संबंध येत नाही. तेलाच्या बाजूला मात्र टेफ्लॉन टेप किंवा बूचच. सिलिकॉन या तेलांनी फुगतं.

लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड असतं, त्याला हे भांडं चालणार नाही. तिथे तेलाची तोटी तळाशी आणि पाणी वरून काढावं लागेल.

4 जानेवारी: देखभाल

घाणा झाला की हंडा त्याच दिवशी रिकामा. ओला पाला रात्रभर तांब्यात राहिला तर सकाळी पाण्याच्या रेषेवर हिरवा कळंक चढलेला दिसतो. गरम पाण्यानं धुऊन, उलटा ठेवून वाळवणं पुरतं. भट्टी बरेच दिवस पडून होती तर लिटरला 20 ग्रॅम सायट्रिक आम्लाच्या पाण्यानं आतून पुसून, दोनदा विसळून मगच पाला भरावा. चकचकीत घासायची गरज नाही, तपकिरी थर असू द्यावा. कळंक मात्र ठेवू नये.

तळाच्या जोडाला दुरुस्ती केलेल्या जागी खुणेचा ठिपका दिला आहे. दर दहा-बारा घाण्यांनंतर तिथेच कोरडा कागद लावून रात्रभराची पाण्याची चाचणी घ्यायची.